पापणी उचलून बघणारी जिजी

आम्ही कापूस वेचणारी माणसं. पिकवणारे वेगळे, वेचणारे वेगळे, आणि यातला फरक ज्याला समजावून सांगावा लागतो त्यानं कधी दुसऱ्याच्या शेतात कमरेला ओटी बांधलेली नसते. दिवाळीच्या मागेपुढे बोंडं फुटली की घरातली चालती-फिरती सगळी माणसं दिवस उगवायच्या आत शेतात. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं अशी सोलून निघत की संध्याकाळी भाकरीवर मिरची कुस्करायची तर दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागे, आणि त्या दुसऱ्याचीही बोटं तशीच असत. बाप माझा लहानपणीच गेला. घरात माय, थोरला भाऊ, वहिनी आणि मी. देडतलाईच्या बाजारापासून कोस-दोन कोसांवर आमचं गाव.

वहिनीला पहिली मुलगी झाली तेव्हाही वेचणीचाच हंगाम होता. ती मुलीला टोपलीत घालून बांधावर ठेवी आणि ठेवण्याआधी नखाच्या टोकावर अफू घेऊन तिच्या जिभेला लावी. याला आमच्याकडे ‘गोळी देणं’ म्हणत. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. सरकारी ठेक्यावर अफू राजरोस मिळे. बाजाराला गेलेली बाई मीठ, गूळ घेई तशीच लेकरासाठी अफूही घेई. गोळी दिलेलं लेकरू दिवसभर निजे. भूक लागली तरी निजे, तोंडावर माशा बसल्या तरी निजे. एके दिवशी वहिनी दुपारची भाकर खाऊन पुन्हा आपल्या ओळीत शिरली. पोरगी निजलीच आहे असं तिला वाटलं. उन्हं कलल्यावर बघायला गेली तेव्हा पोरगी गार पडली होती. गाव म्हणालं, सटवाईनं नेली. मायही तेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी घरातली सगळी वेचायला गेली. बोंडं कुणासाठी थांबत नाहीत.

ते शेत जिजीचं होतं.

जिजी म्हणजे आमच्या गावच्या मालगुजाराची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि मग माहेर तिचं झालं. भाऊ घोड्यावर बसे, साहेबलोकांना भेटे, बुऱ्हाणपूरच्या बैठकीत पान खाई. शेती जिजी बघे. भाऊ तिला जिजी म्हणे म्हणून गाव म्हणे, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा म्हणत. तोंडावर सगळे ‘तुम्ही’ म्हणत आणि पाठीमागे ‘ती’. मी इथं तिच्या पाठीमागेच लिहितो आहे, तेव्हा ‘ती’च म्हणतो.

उंच, काळी, पायांनी मोठी. बायकी वहाणा तिला होत नसत, म्हणून भावाचे जुने जोडे घाली. हातात काळी छत्री. ऊन असो नसो, दिवस मावळला तरी छत्री उघडीच. आवाज असा की असीरगडावर उभी राहून बोलली तर खालच्या गावात ऐकू जाईल, असं लोक म्हणत. पण तिची खरी ओळख वेगळीच होती. लेकरू दिसलं की ती त्याची पापणी अंगठ्यानं वर उचलून बघे. अफू पोटात असली म्हणजे डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी होते. जिजीला हे कुणी शिकवलं कुणास ठाऊक, पण एकदा कळल्यावर तिचा अंगठा काही थांबला नाही. शेतमजुराचं लेकरू असो, पाहुण्याचं असो, वाटेवर खेळत असो की आईच्या कडेवर पेंगत असो, आधी पापणी, मग बोलणं. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात एका वकिलाच्या घरी बारसं होतं. जिजी आहेराचा खुळखुळा घेऊन गेली. पाळण्याशी वाकली, सगळ्या सवाष्णींच्या देखत बाळाची पापणी उचलली, मोठ्यानं म्हणाली, “याले नाई दिलेली. चांगलं हाय,” आणि मग खुळखुळा ठेवला. वकिलीणबाई पुढं वर्षभर तिच्याशी बोलल्या नाहीत. जिजीच्या ते ध्यानातही आलं नसावं.

दिवसा झोपणाऱ्या माणसावर तिचा फार राग. असा कुणी सापडला तर ती त्याला आधी उठवी आणि मग त्याच्याशी बोलत नसे. मी पुढं हायस्कुलात शिकायला बुऱ्हाणपूरला आलो तेव्हा तिच्याच सिंधीपुऱ्यातल्या घरी, जिन्याखालच्या खोलीत राहिलो. मोबदला एवढाच, की तिचे कोर्टातले कागद तिला वाचून दाखवायचे. जमिनीचा कसलासा दावा तिच्या वडिलांपासून चालू होता. तिला अक्षर येत नव्हतं, पण कागद ऐकताना चूक कुठं आहे ते वकिलाच्या आधी तिला कळे. परीक्षेच्या दिवसांत एकदा दुपारी मी पुस्तकावर डोकं टेकलं, तर तोंडावर तांब्याभर पाणी आलं. वर बघितलं तर जिजी. म्हणाली, उन्हाळ्यात पाणी फुकट गेलं. आणि गेली.

शाळेतही आली होती एकदा. हेडमास्तर वर्गात होते. ही जोडे घालून, छत्री उघडी धरून आत आली, माझ्या बाकाशी थांबली, माझी पापणी उचलली. मग हेडमास्तरांकडे वळून म्हणाली, “पोरगा जागा हाय, मास्तर. शिकवा.” वर्ग आठवडाभर मला पापणी म्हणत होता.

तिला स्वतःला व्यसन नव्हतं असं नाही. सकाळ-संध्याकाळ दाताला तंबाखूची मिस्री लावी, आणि मिस्री लावताना तिच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती. शेतावरच्या बाया कुजबुजत, जिजी आमच्या लेकरांची गोळी बघते, स्वतःची मिस्री बघत नाही. एकीनं धीर करून तोंडावरच टाकलं. जिजी थुंकून म्हणाली, “माही मिस्री मी माह्या दाताले लावते. तुह्या लेकराले दात तरी हायेत का?”

वहिनीची मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी जिजी बांधावर येऊन त्या रिकाम्या टोपलीजवळ उभी राहिली होती. वहिनीला काही विचारलं नाही, सांत्वन केलं नाही. छत्रीच्या टोकानं टोपली पालथी केली आणि निघून गेली. पुढच्या हंगामाला शेताच्या कडेच्या मोठ्या कडुलिंबाला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या होत्या, ओळीनं, आणि एका फांदीला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. तो तुकडा तिनं कुठून आणला हे तिनं सांगितलं नाही आणि रेल्वेनं विचारलं नाही.

नियम साधा होता. तिच्या शेतात लेकराला गोळी द्यायची नाही. सगळी लेकरं लिंबाखाली झोळीत निजवायची. रुळावर टोले पडले की लेकुरवाळ्या बायांनी वेचणी सोडून यायचं, लेकरू पाजायचं आणि परत जायचं. सकाळी शेताच्या तोंडाशी ती स्वतः उभी राही आणि एकेका लेकराची पापणी बघे. बाहुली मोहरीएवढी दिसली की लेकरू आणि माय दोघांना घरी धाडी.

लोकांना हसायला चांगलंच निमित्त मिळालं. शेजारचे शेतकरी म्हणत, जिजीनं तान्ह्यांची शाळा काढली, घंटा वाजते. जिजीचा भाऊ चिडला, की बाया पाजायला येतात की वेचायला. बाया तर सगळ्यात जास्त चिडल्या, कारण घरी धाडलेल्या दिवसाचं खाणार काय? आमच्या गल्लीतली एक बाई म्हणायची, “जिजीले डोळे दिसते, आमचं पोट नाई दिसत.” हे अगदीच खोटं नव्हतं.

जिजीला कुणी पुण्याचं काम म्हटलेलं खपत नसे. ती म्हणे, निजलेलं लेकरू मोठं होऊन निजलेला गडी होतो, आणि मले जागे गडी पाहिजेत. दुसरं एक कारण ती देई ते ऐकायला बरं वाटत नसे. लेकरू मेलं की सगळ्या बाया मातीला जातात, अर्धा दिवस वेचणी बंद पडते. वहिनीच्या समोर बोलली होती हे. ती खरंच असा विचार करायची की मायेचं काही तोंडून निघू नये म्हणून असं बोलायची, हे मला आजही सांगता येणार नाही. तिच्या घरी मी इतकी वर्षं राहिलो, तरी नाही.

झोळ्यांपाशी बसायला कुणीतरी हवं होतं. जिजीनं माझ्या मायला निवडलं. मायचे गुडघे गेले होते, वेचणीला वाकता येत नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. जिजीचा हिशेब असा, की जिच्या घरचं लेकरू गोळीनं गेलं ती म्हातारी दुसऱ्याच्या लेकराला गोळी देणार नाही. मलाही तो हिशेब पटला होता. आमच्या घराण्यात बसून करायचं काम पहिल्यांदाच कुणाला मिळालं होतं, आणि माय तिथं अशी बसे की जणू कचेरीत नेमणूक झाली आहे. डोक्यावर पदर नीट, काठी मांडीवर आडवी. गावातल्या बाया तिला विचारून लेकराचं नाव ठेवू लागल्या.

त्याच हंगामात वहिनीला मुलगा होता, जेमतेम दोन महिन्यांचा. वहिनी त्याला झोळीत ठेवताना दोनदा मागं वळून बघे. पहिल्या मुलीनंतर ती फार बोलायची नाही. रुळाचा टोला पडला की सगळ्यांच्या आधी पळत निघणारी तीच असे.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो. मॅट्रिकचं वर्ष होतं, तरी वेचायला गेलोच. आमच्याकडे सुट्टी म्हणजे पुस्तकांची सुट्टी. जिजी त्या दिवसांत दाव्याच्या तारखेसाठी बुऱ्हाणपूरला गेली होती आणि टोले मायच देत होती. लिंबाखाली इतकं निवांत असे की कावळा बसला तरी ऐकू येई. बाया खूष होत्या. म्हणत, मायच्या हाताला गुण आहे, जिजी असताना लेकरं बोंबलतात आणि मायपाशी कशी गप निजतात. दोघीतिघी म्हणाल्या की लेकरू तोंड लावतं पण पीत नाही. त्यावर बाकीच्या म्हणाल्या, पोट भरलेलं असेल. कुणाच्या ओटीत कापूस जास्त भरतोय हे सगळ्यांना दिसत होतं. लेकरू रडत नाही म्हटल्यावर हात चालतो.

जिजी परत आली ती भर दुपारी, बैलांच्या दमणीतून. आम्ही जवळच्याच ओळीत होतो. ती खाली उतरली, छत्री उघडली आणि तिथंच उभी राहिली. वाड्याकडे गेली नाही, कपाशीकडे बघितलं नाही. कान देऊन उभी होती. मग मायला म्हणाली, “एवढं निवांत कायले हाय?”

माय म्हणाली, निजलेत सगळे.

जिजीनं पहिल्या झोळीतल्या लेकराची पापणी उचलली. मग दुसऱ्या. छत्री तिथंच टाकून दिली. एकेक झोळी उघडत ती माझ्या पुतण्याच्या झोळीशी आली, त्याची एक पापणी उचलली, मग दुसरी, मग छातीला कान लावला, मग तळपायाला करकचून चिमटा घेतला. पोरानं पाय आखडला नाही. जिजीनं त्याला खांद्यावर टाकलं आणि रुळापाशी जाऊन एका हातानं असे टोले हाणायला सुरुवात केली की शेतातले पक्षी उठले.

पाजायची वेळ झालेली नव्हती. म्हणून ज्यांना लेकरं नव्हती त्यासुद्धा ओट्या सांभाळत पळत आल्या. वहिनी सगळ्यांच्या पुढं. जिजीच्या खांद्यावर आपलं पोर बघून ती जागीच थांबली. तिला काही सांगावं लागलं नाही.

गाडीवान म्हणाला, बैल सोडलेले नाहीत, बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात नेऊ. जिजी म्हणाली नाही. गाडीच्या हिंदकळ्यांनी पोर आणखी निजेल आणि वाटेतच संपेल. त्याला इथंच जागं ठेवायचं. मग सुरू झालं ते बघवत नव्हतं. तोंडावर गार पाणी. नाकाशी हिंग. तळपायाला टिचक्या, गालाला थापटा, कानाशी रुळाचे टोले. श्वास लांबला की जिजी चिमटा घेई. तिचा हात थकला की वहिनी घेई. स्वतःच्या पोराला आई चिमटे घेते आहे आणि रडत नाहीये, कारण रडली तर हात हलका पडेल. दोघी लिंबापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून लिंबापर्यंत फिरत होत्या. बाकीच्या बाया आपापल्या लेकरांना हलवून, पाणी मारून उठवत होत्या. ती लेकरं हळूहळू कुरकुरू लागली. आमचं मात्र नाही. मी घागरीनं पाणी आणत होतो आणि प्रत्येक खेपेला वाटायचं, परत येईन तेव्हा फिरणं थांबलेलं असेल.

उन्हं कलायला लागली तेव्हा पोरानं तोंड वाकडं केलं आणि म्हाताऱ्यासारखं किरकिरलं. मग थांबलं. जिजीनं पुन्हा चिमटा घेतला आणि या वेळी पोरानं असा टाहो फोडला की बाकीची लेकरंही रडू लागली. जिजीनं त्याला वहिनीच्या हातात दिलं. म्हणाली, पाज, आणि नाही प्यालं तर पुन्हा चिमटा घे, दया करू नको.

मग तिनं छत्री उचलली, झटकली आणि मायकडे आली. सगळ्या बाया तिथंच होत्या. माय लिंबाच्या खोडाला टेकून उभी होती, हातात तिची छोटी पितळी डबी. लपवली नव्हती.

“तू देली?” जिजीनं विचारलं.

“देली. थोडी थोडी. सगळ्याईले.”

“तुही नात याच्यानंच गेली ना, म्हातारे?”

“नात सटवाईनं नेली,” माय म्हणाली. “गोळीनं नाई. गोळी म्या माह्या पोराईलेबी देली व्हती. हा पहा, हा उभा हाय. मॅट्रिकले बसला.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घागर धरून उभा होतो.

मला वाटलं, आता जिजी तिला हाकलून देईल, आणि आमच्या घरालाही त्या शेताची वाट बंद होईल. पण माय थांबली नव्हती. माझी माय मालगुजाराच्या माणसासमोर कधी वर मान करून बोललेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी बोलली.

“एक रडलं तं उचलून घेईन, जिजी. सगळे एकदम रडते तवा काय करू? मले दोनच हात हायेत. तिकडून बाया वेचणं सोडून धावत येते, मुकादम मले शिव्या देते. तुमी म्हनता गोळी देऊ नको. मंग काय देऊ, ते सांगा ना. तुमी बसून पहा एक दिवस.”

जिजीला उलट बोलणं ही आमच्या गावात न घडणारी गोष्ट होती. जिजीनं त्या झोळ्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाली, “बसते.”

आणि दुसऱ्या दिवशी खरंच बसली. मालगुजाराची बहीण लिंबाखाली झोळ्यांच्या मधोमध, जोडे काढून. मायला तिनं आमच्याबरोबर वेचायला धाडलं. माय गुडघे धरून बांधावर बसली आणि लांबून बघत राहिली. सुरुवातीला बरं चाललं. मग एक उठलं, त्यानं दुसऱ्याला उठवलं, आणि मग जे सुरू झालं ते आम्हाला पार दुसऱ्या टोकाला ऐकू येत होतं. जिजीचा तो आवाज, ज्याला गडीमाणसं थरथरत, तो तान्ह्या पोरांपुढं काडीच्या कामाचा नव्हता. ती ओरडली की ती जास्त ओरडत. वेळेच्या आधी रूळ वाजला. बाया गेल्या, पाजून आल्या. थोड्या वेळानं परत वाजला. तिसऱ्यांदा आम्ही गेलो तेव्हा जिजीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पोर होतं, एका पायाच्या अंगठ्यात झोळीची दोरी होती, छत्रीची काडी मोडली होती आणि मिस्री लावायची राहून गेली होती. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मुकादम हसला नाही, त्याला ते परवडलं नसतं.

संध्याकाळी ती मायपाशी आली. म्हणाली, “एका मानसाचं काम नाई हे.” एवढंच. पण जिजीनं कुठलंही काम जमत नाही असं म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं, पहिल्यांदा आणि शेवटचं.

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुरू झाली. लेकुरवाळ्यांपैकी काहीजणी रोज आळीपाळीनं मायबरोबर झोळ्यांपाशी बसायच्या. बसतील त्यांना वेचणारीएवढाच वाटा. कुणाला वाटेना की हे खरं होईल; आमच्याकडे जेवढा कापूस वेचला त्याच्यावर वाटा मिळतो, हात ओटीत नसेल तर वाटा कुठला? हे ऐकून भाऊ घोड्यावरून शेतात आला. मजुरांच्या देखत बहिणीला म्हणाला, नुसतं बसून कापूस मिळतो असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय ते मला दाखव. जिजी म्हणाली, “तू इतकी वर्षं बसूनच खाऊन राहिला. ते कोन्त्या शास्त्रात लिहेल हाय, ते आधी दाखव.” भावानं घोडा वळवला. पाळी चालू राहिली.

मायला जिजीनं काढलं नाही. उलट सकाळी पापण्या बघायचं काम तिच्याकडे दिलं. यातलं शहाणपण मला नंतर कळलं. माय जिजीपेक्षा कडक निघाली. जिजी एक पापणी बघायची, माय दोन्ही बघे, वर लेकराचं तोंड हुंगे. सासवांना दरडावे. मी कॉलेजातून आलो की माझीही पापणी उचलून बघे, आणि मी चिडलो तर म्हणे, शहरात काय काय मिळते, मले काय ठाव. नात सटवाईनंच नेली हे मात्र तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. आणि ती पितळी डबीही तिच्याकडेच राहिली, गुडघ्यांसाठी. जिजीला माहीत होतं. ती म्हणाली, म्हातारीच्या गुडघ्याशी मला काय करायचंय.

हे सगळं एका शेतापुरतं राहिलं असतं. पण वेचणीवाल्या बाया काही मूर्ख नव्हत्या. जिथं बसल्याचाही वाटा मिळतो तिथं आधी जायचं, तिथली वेचणी उरकली की मग दुसरीकडे, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं. शेजारच्यांची बोंडं झाडावर लोंबू लागली, कापूस मातीत पडू लागला. जे हसले होते त्यांनीच पुढच्या हंगामाला आपापल्या बांधावरच्या झाडाला झोळ्या बांधल्या. कुणी घंटा लावली, कुणी थाळी. कुणाला दया आली म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही. कापूस घरात यायला हवा होता.

अफूचा ठेकेदार एकदा सिंधीपुऱ्यातल्या घरी आला. चांगला अदबीनं बोलणारा माणूस. म्हणाला, “जिजी, आपने तो हमारी गाहकी तोड़ दी.” जिजीनं त्याला बस म्हटलं, पाणी दिलं, आणि त्याच्या डोळ्याकडे अंगठा नेला. तो पाणी न पिताच उठला.

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं, हे मी लिहितो ते मिरवायला लिहितो, मिरवण्यासारखंच आहे. पास झाल्याची बातमी घेऊन जिजीकडे गेलो तेव्हा तिनं माव्याची जिलबी आणवली, घरच्या सगळ्यांना वाटली. मला दिली नाही आधी. माझ्याकडे बघून म्हणाली, “झाला साहेब? आता दिवसा झोपू नको म्हंजे झालं.” मग दिली.

ती गेली तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो. नंतर कळलं ते असं, की मोलकरीण दुपारी वर गेली आणि जिजी डोळे मिटून आडवी दिसली. तिनं तिथंच हंबरडा फोडला. जवळ जाऊन बघायची, हाक मारायची तिला गरज वाटली नाही.

लोक मला विचारतात, तुमच्या गावची अफू सुटली का? नाही सुटली. ठेका आहे तिथंच आहे, म्हातारे घेतात, बाजाराच्या दिवशी चांगले तरणेही घेतात, आणि त्यांच्या पापण्या उचलायची हिंमत जिजीनंतर कुणात नाही. पुतण्या मोठा झाला, माझ्या भावाबरोबर आता स्वतः वाट्यानं शेत करतो. वेचणीच्या हंगामात बाया अजून पाळीनं झोळ्यांपाशी बसतात आणि बसणारीला वाटा मिळतो. तो आता कुणी दिला म्हणत नाही, तो असतोच. त्या दुपारनंतर आमच्या गावात गोळीनं लेकरू गेलं नाही. एकही नाही.